व्हॉलंटियर चालवतात ते फेअर ट्रेड दुकान आणि तिथली खरेदी

फेअर ट्रेड दुकान म्हणजे असं दुकान, जिथे विकायला ठेवलेल्या वस्तूचा रास्त मोबदला ती बनवणाऱ्याला मिळालाय याची जबाबदारी दुकान स्वतःवर घेतं. अशी बरीच दुकानं हाताने बनवलेल्या वस्तूंची असतात आणि त्यातली कितीतरी व्हॉलंटियर चालवतात, म्हणजे काउंटरवर उभा असलेला माणूस पगार घेत नसतो. बाहेरून बघितलं तर साधं गिफ्टचं दुकान वाटतं, टोपल्या, शाली, कानातले, लाकडी खेळणी, भिंतीवर लावायच्या वस्तू वगैरे. फरक कळतो तो वस्तू उलटून तिचा टॅग वाचला की. आणि त्याहून मोठा फरक डोळ्यांना दिसतच नाही: ऑर्डर कशी दिली होती, पैसे कधी दिले आणि पुढच्या वर्षी त्याच लोकांना परत ऑर्डर गेली का. या तिसऱ्या गोष्टीबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि माझ्या मते कारागिराच्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

सुरुवात कशी झाली

याची मुळं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आहेत आणि ती चर्चच्या मदतकार्यात आहेत. १९४६ साली एडना रूथ बायलर नावाच्या अमेरिकन बाई प्वेर्तो रिकोला गेल्या होत्या, तिथे त्यांनी गरीब बायकांनी केलेलं भरतकाम पाहिलं आणि ते कापड घरी आणून ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली, पुढे गाडीत माल टाकून त्या गावोगावी फिरायच्या. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मदतसंस्थेच्या आधाराने वाढलेल्या या कामातूनच पुढे टेन थाउजंड व्हिलेजेस ही दुकानांची साखळी उभी राहिली, हे नाव तिला १९९६ मध्ये मिळालं. दुसरी जुनी संस्था म्हणजे 'सर्व' (SERRV) नावाची अमेरिकन संस्था, तिची सुरुवात १९४९ ची. युद्धाने बेघर झालेल्या युरोपातल्या निर्वासितांच्या हातच्या वस्तू, त्यात जर्मनीतली लाकडी घड्याळंसुद्धा होती, त्या अमेरिकेत विकून देणं हे तिचं पहिलं काम. ब्रिटनमध्ये ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या दुकानांतून १९५० च्या दशकाच्या अखेरीस चिनी निर्वासितांनी बनवलेल्या टाचण्या टोचून ठेवायच्या छोट्या उशा विकल्या जायच्या.

इथपर्यंत सगळं मदत म्हणून चाललं होतं. सूर बदलला तो १९६० च्या दशकात. १९६८ मध्ये दिल्लीत संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद भरली तेव्हा गरीब देश उघडपणे सांगत होते की आम्हाला मदत नको, व्यापार द्या, नीट भावाने आमचा माल घ्या. नेदरलँड्समध्ये त्या सुमाराला काही गट उसाची साखर विकत होते आणि सोबत लोकांना समजावून सांगत होते की युरोपच्या आयात धोरणामुळे ऊस पिकवणाऱ्या देशांचं काय होतं. १९६९ मध्ये तिथल्याच ब्रॉयकलेन गावात पहिलं 'जागतिक दुकान', म्हणजे असंच फेअर ट्रेड दुकान, उघडलं आणि मग अशी दुकानं भराभर पसरली, जर्मनीत तर आज ती ९०० च्या आसपास आहेत. ही दुकानं चालवणारे बहुतेक जण विद्यार्थी, शिक्षक, चर्चमधली मंडळी, गृहिणी. त्यांच्यासाठी दुकान हे विक्रीइतकंच बोलण्याचं ठिकाण होतं, वस्तू घेताना गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सांगायच्या हा हेतू.

तागाच्या पिशवीचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेशात असंख्य बायकांवर घर चालवायची वेळ आली, हाताशी होता तो ताग, त्यातून १९७३ मध्ये कोर-द ज्यूट वर्क्स ही संस्था उभी राहिली आणि बायका शिंकाळी, पिशव्या असं काय काय करू लागल्या. याच दशकात स्वित्झर्लंड आणि जर्मनीत 'प्लास्टिकऐवजी ताग' अशी मोहीम निघाली आणि त्या साध्या तागाच्या पिशव्या तिथल्या लोकांच्या खांद्यावर दिसायला लागल्या. एका वस्तूत कारागिराचं पोट आणि पर्यावरण दोन्ही एकत्र आलं. पण पिशवी रोज वापरण्यासारखी होती म्हणून ती चालली, हेही विसरू नये.

पैशाचं गणित

कॉफी किंवा केळ्यांवर जो फेअरट्रेडचा शिक्का दिसतो त्याची सुरुवात १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मॅक्स हॅवलार या नावाने झाली. तो शिक्का शेतमालाला जमतो कारण एक किलो कॉफीचा किमान भाव ठरवता येतो. हाताने विणलेल्या टोपलीचा भाव असा ठरवता येत नाही, प्रत्येक नग वेगळा, प्रत्येक ठिकाणचा राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. म्हणून हस्तकलेत बहुतेक वेळा वस्तूऐवजी संस्था तपासली जाते. जागतिक फेअर ट्रेड संघटना, जी १९८९ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, तिची दहा तत्त्वं आहेत: रास्त मोबदला, बालमजुरी आणि वेठबिगारी नाही, स्त्री-पुरुष भेद नाही, कामाची जागा सुरक्षित, व्यवहार उघड, पर्यावरणाची काळजी वगैरे. सदस्य संस्थेला ती पाळून दाखवावी लागतात. म्हणजे दुकानातल्या टोपलीवर तो ओळखीचा शिक्का नसला तर लगेच काहीतरी गडबड आहे असं समजू नका, कोणत्या संस्थेकडून माल येतो आणि ती संस्था कशाची सदस्य आहे ते विचारा.

भाव ठरवायची नीट पद्धत अशी: एक नग करायला किती तास लागतात ते मोजायचं, त्या भागात माणसाला धड जगायला दिवसाला किती पैसे लागतात ते बघायचं, त्यावरून मजुरी काढायची, वर कच्चा माल, जळण, वाहतूक आणि कारागिरांच्या गटाचा खर्च धरायचा. ऐकायला सोपं आहे पण तास मोजणं फार अवघड जातं, कारण घरी बसून काम करणारी बाई मधेच स्वयंपाकाला उठते, मूल रडलं की उठते, आणि मग तिचा वेळ तिला स्वतःलाच कमी वाटतो. चांगली संस्था हे काम कारागिरांसोबत बसून करते.

दुसरी गोष्ट आगाऊ रक्कम. नेहमीच्या व्यापारात माल पोचल्यावर कित्येक आठवड्यांनी पैसे मिळतात, तोवर सूत, रंग, पितळ कशाने आणायचं? सावकाराकडून. मग नफ्यातला मोठा वाटा व्याजातच जातो. फेअर ट्रेडच्या नियमात हस्तकलेच्या ऑर्डरवर कारागिरांनी मागितली तर निदान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आधी द्यायची असते. माझ्या मते टॅगवरच्या हसऱ्या फोटोपेक्षा या एका नियमाने जास्त घरं सावरली असतील. शिवाय कारागिराची चूक नसताना ऑर्डर रद्द केली तर झालेल्या कामाची भरपाई द्यायची.

दुकानात तुम्ही मोजता त्यातला बराच भाग मात्र वाहतूक, आयात शुल्क, गोदाम, दुकानाचं भाडं आणि वीजबिल यात जातो, किरकोळ किंमत ठोक किमतीच्या दुपटीच्या आसपास असणं या धंद्यात नेहमीचं आहे. इथेच व्हॉलंटियर कामाला येतात. एक टोपली विकायला दहा मिनिटं बोलावं लागतं आणि माल हळूहळू खपतो, अशा दुकानात सगळ्यांना पगार दिला तर दुकान चालणं कठीण. बऱ्याच ठिकाणी एक मॅनेजर पगारी आणि बाकीचे आठवड्यातून एखादी पाळी करणारे, त्यात निवृत्त लोक जास्त. खोके उघडणं, प्रत्येक नग तडा गेलाय का ते बघणं, किंमत चिकटवणं, काचेमागची मांडणी बदलणं, स्टॉक मोजणं, हिशोब, सगळं हेच लोक करतात.

वस्तू हातात घेऊन बघताना

घानाच्या उत्तरेकडे बोल्गाटांगा भागात गवताच्या काड्या पिळून मोठ्या रंगीत टोपल्या विणतात. त्या जहाजातून येतात तेव्हा जागा वाचावी म्हणून चेपून सपाट केलेल्या असतात, खोक्यातून काढल्यावर अगदी चोळामोळा झालेल्या दिसतात. मग दुकानातले व्हॉलंटियर त्या पाण्यात भिजवतात, ओल्या असतानाच हाताने आतून दाबून गोल करतात आणि वाळू देतात, आकार परत येतो. घरी टोपली वाकडी झाली तर तुम्हीही हेच करायचं. म्हणजे फडताळावर किंचित तिरकी दिसणारी टोपली खराब आहे असं समजून बाजूला ठेवायची गरज नाही, उलट वीण घट्ट आहे का आणि मूठ जिथे जोडलीय तिथे पक्की आहे का ते बघा.

ठशांनी छापलेलं कापड घेताना ते पूर्ण उलगडा. लाकडी ठसा पुन्हा पुन्हा टेकवत पुढे जातात त्यामुळे दोन ठशांच्या मधे बारीकसा जोड दिसतो, कुठे रंग गडद कुठे फिका, एखादं पान रेषेच्या जरा बाहेर गेलेलं. मशीनच्या छपाईत चूकसुद्धा दर हातभर अंतरावर तशीच्या तशी येते. ओतीव धातूच्या मूर्ती असतील तर त्या मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून, वर परत माती लिंपून, तापवून मेण बाहेर काढून तिथे धातू ओतून केलेल्या असतात आणि मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो. त्यामुळे जोडी मागितली तर दोन सारखी मिळणार नाहीत, जवळपासची मिळतील. केनियातल्या तबाकाचा मऊ दगड, हैतीतले तेलाचे पिंप कापून छिन्नीने घडवलेले पत्रे, बेथलेहेमचं ऑलिव्हचं लाकूड, इक्वाडोरमधली हस्तिदंतासारखी दिसणारी टाग्वा बी, प्रत्येकाची आपली तऱ्हा आहे. दगडाची वाटी आपटली तर टवका उडतो, लाकूड पाण्यात बुडवून ठेवलं तर चिरतं, हे विकणाऱ्याने सांगायला हवं आणि नाही सांगितलं तर आपण विचारावं.

हाताचं काम म्हणून खरी खोट मात्र चालवून घेऊ नये. शिवण सुटलेली, रंग हाताला लागतोय, कानातल्याचा आकडा सैल आहे, हे दोष आहेत आणि ते दुकानात सांगितले तर संस्थेमार्फत गटापर्यंत पोचतात, पुढच्या खेपेला दुरुस्त होतात. गरीब बायकांनी केलंय म्हणून गप्प घेऊन जाणारा माणूस चांगल्या मनाचा असतो पण त्याची वस्तू कपाटात पडून राहते, तो परत येत नाही आणि दुकानाकडून पुढची ऑर्डर जात नाही. कारागिराला एकदाच्या खरेदीने फार काही होत नाही, दर वर्षी काम येणार याची खात्री असेल तरच मुलाला शाळेत ठेवायचं का, नवीन माग घ्यायचा का हे ठरवता येतं. म्हणून अशा दुकानातून वापरायची वस्तू घ्यावी, आवडली म्हणून घ्यावी, भाव योग्य वाटला म्हणून घ्यावी.

व्हॉलंटियरला खुशाल प्रश्न विचारावेत. हे कोणी केलं, गटात किती जण आहेत, तुमची संस्था त्यांच्याकडून किती वर्षं माल घेतेय, आगाऊ पैसे देता का? सगळी उत्तरं त्या क्षणी मिळतीलच असं नाही, पाळीवर नवीन माणूस असू शकतो, पण चांगल्या दुकानात 'माहीत नाही, विचारून सांगते' असं उत्तर येतं आणि पुढच्या वेळी गेलात की माहिती मिळते. शेवटचा प्रश्न टाळला जात असेल तर मात्र जरा सावध व्हावं, कारण आजकाल 'हँडमेड' आणि 'एथिकल' हे शब्द कोणीही छापतं.

आक्षेप

सगळ्यात जुना आक्षेप असा की कारागिराला रास्त मजुरी आणि विकणारा फुकट, हे कसलं फेअर? यात तथ्य आहे. व्हॉलंटियरचं पोट त्यावर नसतं म्हणून अन्याय म्हणता येणार नाही, पण विक्रीचा खरा खर्च यामुळे झाकला जातो आणि नवीन तरुण माणसं आली नाहीत तर जुनी मंडळी थकली की दुकान बंद पडतं. दुसरा आक्षेप मालाच्या रंगरूपाचा, श्रीमंत देशांतल्या गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे नमुने बदलत जातात आणि कारागीर स्वतः कधी वापरणार नाही अशा वस्तू बनवत बसतो. याचं सोपं उत्तर कोणाकडे नाही, कारण न खपणारं पारंपरिक काम करूनही पोट भरत नाही.

तिसरी अडचण हंगामाची. युरोप-अमेरिकेतल्या या दुकानांची विक्री नाताळच्या आधीच्या आठवड्यांत एकवटलेली असते, त्यामुळे ऑर्डरी वर्षाच्या ठरावीक महिन्यांत येतात आणि बाकीच्या महिन्यांत हात रिकामे. त्यात ऑनलाइन विक्री आणि स्वस्त नकला. ब्रिटनमधली ट्रेडक्राफ्ट ही १९७९ पासूनची मोठी संस्था २०२३ च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, टेन थाउजंड व्हिलेजेसच्या कॅनडा शाखेने २०२० मध्ये आपली स्वतःची दुकानं बंद केली, काही स्वतंत्र दुकानं तेवढी पुढे चालू राहिली. अशी मोठी संस्था बंद होते तेव्हा तिच्याकडून वर्षानुवर्षं ऑर्डर घेणाऱ्या गटांना नवीन गिऱ्हाईक शोधावं लागतं. त्यामुळे आता बऱ्याच उत्पादक संस्था आपल्याच देशातल्या शहरांत विकण्यावर भर देतायत, तिथे वाहतूक कमी, पैसे लवकर आणि गिऱ्हाइकाची तक्रार थेट कानावर येते. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी जागतिक फेअर ट्रेड दिवस असतो, त्या दिवशी अनेक दुकानांत कारागीर स्वतः येऊन काम करून दाखवतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो दिवस धरून जावं, कारण ठसा कसा धरतात, काडी कशी पिळतात हे बघितल्यावर किंमत का तेवढी आहे ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.