पुरुषांच्या अंगावरून किमोनो कसा उतरला

१९२५ मध्ये जपानी अभ्यासक कोन वाजिरो यांनी तोक्योच्या गिन्झा भागात ये-जा करणाऱ्यांचे कपडे मोजले. पुरुषांपैकी ६७ टक्के पाश्चात्त्य वेशात होते, तर बायकांपैकी ९९ टक्के अजून किमोनोतच. ही तफावत आवडीनिवडीची नव्हती. पुरुषांचा वेश सरकारने बदलला होता. १८७१ मध्ये सामुराईंना केसांचा बुचडा कापायची आणि तलवारीविना फिरायची मुभा मिळाली. १८७२ मध्ये सरकारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख ठरला. पुढे लष्कर, पोलीस, रेल्वे, टपाल असे करत पुरुष जिथे पगारावर गेला, तिथे गणवेश किंवा सूट आला.

किमोनो घरात टिकला. कचेरीतून परतलेला माणूस सूट उतरवून तो अंगात घाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही सवयही विरत गेली आणि बापाने मुलाला शिकवायची रीत थांबली.

आजच्या पुरुषांना किमोनो घालायचा संकोच वाटतो, पण तो सगळा मनातला नाही. बराचसा शिवणीतला आहे. बायकांच्या किमोनोचे जादा कापड कमरेशी दुमडतात, त्याला ओहाशोरी म्हणतात. म्हणून आजीचा किमोनो नातीला चालतो. पुरुषांच्या किमोनोत ही सोय नाही. लांबी घोट्यापर्यंत नेमकीच लागते. आजोबांचा किमोनो उंच नातवाच्या नडगीवर येतो. आत शिवलेली चुणी असेल, तर ती उसवून थोडी लांबी मिळते. बाहीला मात्र इलाज नाही. जुन्या कापडाचा पन्हा ३६-३७ सेंटिमीटर. पाठीच्या मधल्या शिवणीपासून मनगटापर्यंत असे दोनच पन्हे येतात. शिवणीत जाणारे कापड वजा केले की माप सत्तरीच्या पुढे जात नाही आणि मनगटे उघडी पडतात. म्हणून आता पुरुषांसाठी ४० सेंटिमीटरच्या आसपास पन्ह्याचे कापड विणतात.

दुसरी अडचण ओबीची, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्याची. पुरुषांची काकु-ओबी साधारण १० सेंटिमीटर रुंद, ४ मीटर लांब असते. सूटच्या पट्ट्याच्या सवयीने ती वर बांधली की बेंगरूळ दिसते. ती पुढे बेंबीखाली, ओटीपोटावर हवी, मागे किंचित वर. सडपातळ माणसाने पोटाशी टॉवेलची घडी ठेवावी, नाहीतर ओबी वर सरकते. किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीवर. उलटे फक्त मृताला नेसवतात.

सुमो पहिलवान आणि राकुगो (बसून विनोदी गोष्टी सांगण्याची जपानी कला) सादर करणारे कथाकार यांच्या कामातच किमोनो आहे. नवशिक्याने त्यांची ओबी कुठे बसते ते नीट पाहावे.