किडनीच्या डॉक्टरांचा पेशंट आयुष्यभराचा कसा झाला

वॉर्डातला पेशंट बरा झाला की डिस्चार्ज मिळतो आणि बहुतेक डॉक्टरांचा त्याच्याशी संबंध तिथेच संपतो. किडनीच्या डॉक्टरांचं तसं नाही. डायलिसिसचा, म्हणजे किडनीऐवजी यंत्राने रक्त शुद्ध करून घेणारा पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतो, वर्षानुवर्षं येत राहतो. या नात्याची सुरुवात १९६० साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये झाली.

डायलिसिसचं यंत्र त्याआधीच आलं होतं. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समधल्या काम्पेन गावी विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेन नळी लाकडी पिंपावर गुंडाळून ते बनवलं. १९४५ मध्ये त्यावर पहिला जीव वाचला. अडचण रक्तवाहिन्यांची होती. दरवेळी धमनीत आणि शिरेत नव्याने नळ्या घालायच्या, नंतर त्या वाहिन्या बांधून टाकायच्या. थोड्याच वेळा डायलिसिस केलं की जागा संपायची. त्यामुळे किडनी तात्पुरती बंद पडली असेल तरच उपचार व्हायचे.

सिएटलचे बेल्डिंग स्क्रिबनर यांच्याकडे असाच एक पेशंट आला. डायलिसिसने तो चांगला शुद्धीवर आला, पण त्याच्या किडन्या कायमच्या गेल्याचं नंतर कळलं. त्याला घरी पाठवण्यावाचून इलाज नव्हता. यंत्र समोर असताना माणूस मरायला घरी जातो, हे स्क्रिबनर यांच्या मनातून जाईना. एका रात्री झोपेतून उठल्यावर त्यांना उत्तर सुचलं: नळ्या काढायच्याच नाहीत! एक धमनीत, एक शिरेत कायम ठेवायची आणि डायलिसिस नसेल तेव्हा त्या हातावरच जोडून द्यायच्या. रक्त चिकटू नये म्हणून टेफ्लॉन निवडलं. नळ्या वेन क्विंटन यांनी घडवल्या. मार्च १९६० मध्ये त्या क्लाइड शील्ड्स या दुसऱ्या पेशंटच्या हातात बसवल्या. ते आणखी अकरा वर्षं जगले.

लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. १९६२ मध्ये उघडलेल्या केंद्रात खाटा मोजक्याच, पेशंट कितीतरी जास्त. कोणाला घ्यायचं हे ठरवायला नागरिकांची समिती नेमली. तिने नोकरी, कुटुंब, समाजातलं स्थान पाहून निवड केली. डॉक्टरांवरचं ओझं कमी झालं असेल, पण माणसाची किंमत अशी ठरवणं मला आजही अस्वस्थ करतं. १९७२ च्या कायद्याने अमेरिकी सरकारने डायलिसिसचा खर्च उचलायचं ठरवलं, तेव्हा कुठे ही निवड थांबली. भारतात जिल्हा रुग्णालयांतून गरीब पेशंटना मोफत डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ मध्ये आला.

दरम्यान हॉस्पिटलची डॉक्टरकी उलट्या दिशेने गेली. १९९६ मध्ये रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी फक्त भरती पेशंट सांभाळणाऱ्या डॉक्टरांना 'हॉस्पिटलिस्ट' हे नाव दिलं. असा डॉक्टर वॉर्डात सतत हजर असतो, पण पेशंटची आधीची वर्षं त्याने पाहिलेली नसतात. न्यूमोनियाने भरती झालेल्या डायलिसिसच्या पेशंटचं नेहमीचं वजन किती, कोणत्या अँटिबायोटिकचा डोस कमी करायचा, हे किडनीचे डॉक्टर राउंडला येऊन सांगतात. फिस्चुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने धमनी आणि शीर यांचा केलेला जोड) असलेल्या हातातून रक्त काढू नका, त्या हातावर बीपीही घेऊ नका, ही ताकीद तर पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहिली जाते.