दुर्बिणीच्या आधी सायनसचं काय करायचे

नाक चोंदलेलं, डोकं जड, घशात मागून कफ उतरतोय, असं १२ आठवड्यांच्या वर चाललं की डॉक्टर त्याला जुनाट सायनसचं (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचं) दुखणं म्हणतात. बेळगाव-खानापूरचा पावसाळा आणि निपाणीकडचा तंबाखूचा खकाणा ज्यांच्या नाकाला सोसत नाही, त्यांना हे सांगायला नको. नाकातून दुर्बीण घालून करायच्या ऑपरेशनचा विषय निघाला की घरातलं थोरलं माणूस मात्र दचकतं : ‘नको रे बाबा, गालाचं हाड फोडतात!’

ही भीती अगदीच खोटी नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसच्या डॉ. ल्यूक यांनी १८९७ मध्ये मांडलेली पद्धत तशीच होती. वरच्या ओठाखाली चीर द्यायची, गालाच्या सायनसचं हाड उघडायचं, आतलं अस्तर खरवडायचं आणि नाकात खालच्या अंगाला नवी खिडकी पाडायची. गाल सुजायचा, कधी बधिरही राहायचा. एवढं सोसूनही पुष्कळांचा त्रास परत यायचा.

का, ते ऑस्ट्रियात ग्राझच्या डॉ. मेसरक्लिंगर यांच्या निरीक्षणांतून कळलं. सायनसच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात. ते चिकट स्राव ढकलतात, पण फक्त मूळ छिद्राच्या दिशेने. खाली ऐसपैस खिडकी असली तरी स्राव तिला वळसा घालून वर चढतो आणि बुजलेल्या छिद्रापाशीच तुंबतो. कपाळाचा, गालाचा आणि डोळ्यांमधला पुढचा सायनस, तिघांच्या वाटा नाकातल्या एकाच चिंचोळ्या जागेत उतरतात. ती जागा मोकळी केली की अस्तर बहुधा आपोआप सुधारतं, खरवडावं लागत नाही. माझ्या मते खरी क्रांती ही. दुर्बीण तिचं हत्यार झाली.

जर्मन डॉक्टर हिर्शमान यांनी १९०१ मध्येच मूत्राशयाच्या दुर्बिणीत फेरफार करून नाकात डोकावून पाहिलं होतं, पण दिसायचं अंधूक. पुढे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या भिंगांनी ४ मिलिमीटरच्या नळीतून लख्ख दिसू लागलं. मग सीटी स्कॅनने डोळा आणि मेंदू किती जवळ आहेत ते आधीच दाखवलं. ग्राझचेच डॉ. श्टामबर्गर आणि अमेरिकेतले डॉ. केनेडी यांनी १९८५ च्या सुमारास ही शस्त्रक्रिया जगभर नेली.

बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे. सीमेपलीकडून, महाराष्ट्रातल्या चंदगडचे पेशंटही उपचाराला बेळगावच गाठतात. लांबून येणाऱ्यांनी पुढच्या फेऱ्यांचाही हिशेब धरावा, कारण ऑपरेशननंतर खपल्या दुर्बिणीतूनच साफ कराव्या लागतात. पॉलिप, म्हणजे नाकात वाढणारे मऊ कोंब, असतील तर मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टेरॉइडचा स्प्रे पुढेही सुटत नाही.