पेशीसंवर्धन : प्राणिप्रयोगांना पर्याय

माणसाच्या किंवा प्राण्याच्या शरीरातून वेगळ्या केलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून औषध, प्रसाधन वा रसायन यांचा परिणाम जिवंत प्राण्याऐवजी त्या पेशींवर तपासण्याची पद्धत. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांसाठी त्रिसूत्री मांडली : शक्य तेथे प्राण्याला पर्याय वापरावा, संख्या घटवावी आणि वेदना कमी करावी. यातील पहिल्या सूत्रासाठी पेशीसंवर्धनाचा सर्वाधिक उपयोग होतो.

निर्जंतुक भांड्यात क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्ले व जीवनसत्त्वे असलेले माध्यम घालून पेशी ३७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत ठेवतात. तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशींनी भांडे भरले, की ट्रिप्सिन या प्रथिन तोडणाऱ्या विकराने (एन्झाइमने) त्या सोडवून नव्या भांड्यांत वाटून देतात. विषारीपणा मोजण्याची रूढ चाचणी एमटीटी रंजकाची आहे. जिवंत पेशी या पिवळ्या द्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, आणि रंग जितका गडद तितक्या जिवंत पेशी अधिक, असा हिशेब असतो.

शरीराबाहेर ऊती जिवंत ठेवून वाढवता येतात हे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील चेतापेशींवर दाखवले. मात्र पर्याय म्हणून या तंत्राचे बळ आणि त्यातील विसंगती दोन्ही पोलिओच्या इतिहासात दिसतात. पोलिओचा विषाणू पूर्वी मुख्यतः जिवंत माकडांमध्येच वाढवावा लागे. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तो चेतासंस्थेबाहेरील मानवी ऊतींच्या संवर्धनात वाढवला आणि १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. पण लशीच्या उत्पादनासाठी माकडाच्या मूत्रपिंडातील ताज्या पेशी वापरल्या जाऊ लागल्या, आणि त्या दर खेपेला नव्या माकडांकडूनच घ्याव्या लागत. या मागणीमुळे भारतातून ऱ्हीसस माकडांची मोठी निर्यात झाली. ती १९७८ मध्ये बंद करण्यात आली. जपानमध्ये १९६२ साली आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झालेली आणि सतत विभाजित होत राहणारी ‘व्हेरो’ ही सेल लाइन (पेशींची वंशमालिका) पुढे लसनिर्मितीत रुळली, तेव्हा हे चक्र खऱ्या अर्थाने सैल झाले. म्हणून केवळ काचेच्या भांड्यात काम होते एवढ्यावरून प्राणी वाचले असे धरू नये. पेशी दर वेळी कोठून येतात हे पाहावे लागते.

भारतात प्राणिप्रयोगांवर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये स्थापन झालेल्या समितीची देखरेख असते. प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ मध्ये बंदी घातली गेली. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ साली दुरुस्ती होऊन पेशींवर आधारित चाचण्यांनाही स्थान मिळाले.

नाशिकमध्ये हा विषय प्रामुख्याने आरोग्यशिक्षण आणि औषधनिर्माणशास्त्र यांच्याशी जोडलेला आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळ येथे आहे, तर गंगापूर रोड व आडगाव परिसरात फार्मसी महाविद्यालये आहेत. बी. फार्म.च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमानुसार औषधशास्त्राची प्राण्यांवरील प्रात्यक्षिके सॉफ्टवेअर व चित्रफितींद्वारे दाखवली जातात. याला अनेकदा पेशीसंवर्धनासारखाच पर्याय समजले जाते, पण दोन्हींचे काम वेगळे आहे : संगणक ज्ञात परिणाम शिकवतो, अज्ञात पदार्थाचा परिणाम पेशीच दाखवतात. संशोधनासाठी सेल लाइन पुरवणारी पेशीपेढी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहे. दीर्घकाळ साठवायच्या पेशी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी हाच नायट्रोजन ग्रामीण भागातही पोहोचत असल्याने तो मिळवण्याची अडचण दिसते तेवढी मोठी नाही. खंडित वीज आणि बुरशीचा संसर्ग मात्र महिन्यांचे काम वाया घालवू शकतात.

निष्कर्ष काढताना संयम हवा. नाशिकच्या द्राक्षांच्या बियांचा अर्क स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर टाकला आणि पेशी मेल्या, एवढ्यावरून तो अर्क कर्करोगावरचे औषध ठरत नाही. पुरेशा मात्रेत अल्कोहोलनेही पेशी मरतात. निरोगी पेशींवर तीच मात्रा तपासल्याशिवाय असा निष्कर्ष निरर्थक आहे. पेशींची ओळखही पडताळावी लागते, कारण हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी कर्करोगग्रस्त महिलेच्या गाठीतून १९५१ मध्ये मिळालेल्या ‘हेला’ पेशींनी अनेक प्रयोगशाळांतील इतर सेल लाइनमध्ये शिरकाव केल्याचे आढळले आहे.

त्वचेचा दाह किंवा प्रकाशामुळे होणारा विषारीपणा यांसाठी पेशी व कृत्रिम त्वचेवरील चाचण्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मान्य आहेत. रक्तदाब, गर्भवाढ किंवा यकृतात बदलून मग मूत्रपिंडाला अपाय करणारे द्रव्य, अशा अनेक अवयव गुंतलेल्या प्रश्नांना एकाच प्रकारच्या पेशींचा थर पुरत नाही. शिवाय पेशींच्या वाढीसाठी माध्यमात घातले जाणारे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) बहुधा कत्तलीच्या वेळी गाभण आढळलेल्या गायींच्या भ्रूणांच्या रक्तापासून मिळते, म्हणजे पर्यायाच्या आतही प्राणी उरतोच. त्याऐवजी सीरमविरहित माध्यमे आणि रक्तपेढीतील मुदत संपलेल्या मानवी बिंबिकांचा (प्लेटलेट्सचा) अर्क वापरला जातो, परंतु प्रत्येक सेल लाइन त्यांत सारख्या जोमाने वाढत नाही.