वारा गोळीला नेतो तरी कसा?

कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून कोल्हापुरात नेमबाजीवर बोलणारे वाढलेत. त्यांच्यातही एक समज पक्का असतो : गोळी सरळ रेषेत जाते. ती जात नाही. पॉइंट टू-टू ची (०.२२ इंच व्यासाच्या काडतुसाची) गोळी साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते, ५० मीटरला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती १२ सेंटिमीटर खाली येते. रायफलवरची साइट (नेम धरायचे साधन) ते भरून काढते, म्हणून जाणवत नाही. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या रिंगचा व्यास मात्र जेमतेम १०.४ मिलिमीटर.

खरी गंमत आडव्या वाऱ्याची. वारा १ मीटर प्रतिसेकंद असेल, तर ०.१६ सेकंदांत गोळी १६ सेंटिमीटर सरकायला हवी. प्रत्यक्षात सरकते सुमारे ७ मिलिमीटर! कारण वारा तिला काडीकचऱ्यासारखा वाहून नेत नाही. फिरकीमुळे स्थिर असलेली गोळी आपले नाक समोरची हवा आणि आडवा वारा यांच्या एकत्रित दिशेकडे किंचित वळवते. मग हवेचा रोध तिला नेमका मागे न ओढता थोडा तिरका ओढतो. गणित केले की सूत्र निघते : सरकणे = वाऱ्याचा वेग × (लागलेला वेळ − निर्वातात लागला असता तो वेळ). हा उशीर इथे फक्त ०.००७ सेकंद. रोध नसेल तर उशीर नाही, आणि उशीर नसेल तर सरकणेही नाही. म्हणूनच ध्वनीच्या वेगापलीकडे सुटणारी ‘हाय व्हेलॉसिटी’ टू-टू उलट जास्त सरकते. त्या वेगाजवळ रोध एकदम वाढतो. मॅचची काडतुसे मुद्दाम ध्वनीपेक्षा हळू असतात ती यासाठीही.

गोळीचा मार्ग काढणारे बॅलिस्टिक्स सॉफ्टवेअर हेच गणित बारीक टप्प्यांत करते. चुकतो तो आकडे भरणारा. काडतुसांच्या खोक्यावर छापलेला वेग कंपनीच्या नळीतला असतो. आपल्या रायफलने दहा गोळ्या क्रोनोग्राफवरून (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून) मारून सरासरी घ्यावी. वेगात १ टक्का फरक म्हणजे उंचीत सुमारे अडीच मिलिमीटर. ‘लकी’ खोक्यात दैव नसते, एकसारखा वेग देणारा लॉट (एकत्र बनवलेला माल) असतो. लॉट नंबर लिहून ठेवा. बॅलिस्टिक कोएफिशिअंट (गोळी हवेचा रोध किती भेदते तो आकडा) जी-१ चा असेल तर कर्व्हही जी-१ च निवडा; जी-१ आणि जी-७ ही रोधाची दोन प्रमाण मोजमापे. जी-७ निवडला की सॉफ्टवेअर रोध कमी धरते आणि वारा कमी दाखवते. हवामानाच्या अ‍ॅपमधला दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो; कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे, इथला खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास. ५० मीटरला ही चूक अर्ध्या मिलिमीटरचीही नाही, तीनशेला मात्र भोवते.

काडतुसे घरी भरण्याचे आकडे देणारी सॉफ्टवेअर वेगळी. ती नळीतल्या दाबाचा अंदाज करतात. टू-टूचा प्रायमर (दारू पेटवणारा मसाला) काडतुसाच्या काठातच असल्याने ती पुन्हा भरण्याजोगी नसतेच, आणि आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.

वाऱ्याच्या रकान्यात बहुतेक सॉफ्टवेअर एकच आकडा घेते, पण रेंजवरचे वारा दाखवणारे दोन झेंडे दोन गोष्टी सांगतात. तेव्हा आपल्या जवळच्या झेंड्याला जास्त वजन द्या : नळीपाशी मिळालेला तिरकेपणा उरलेले सगळे अंतर वाढत जातो.