अस्सलतेचे प्रमाणपत्र (हस्तनिर्मित कलाकृतींचे)

एखादी हस्तनिर्मित कलाकृती अमुक कलावंताचीच आहे, अशी ग्वाही देणारा सहीनिशी दस्तऐवज. चित्र, शिल्प, मुद्राचित्र (ठशावरून छापलेले चित्र), मातीकाम, विणकाम अशा कोणत्याही कामासोबत तो देता येतो. कलावंत हयात असेल तर सही त्याचीच हवी. त्याच्या पश्चात वारसांच्या किंवा मान्यवर अभ्यासकाच्या शब्दाला वजन असते. केवळ विक्रेत्याने छापून दिलेल्या कागदाला फारसा अर्थ नाही.

प्रमाणपत्रात कलावंताचे नाव, शीर्षक, निर्मितीचे वर्ष, माध्यम, मापे आणि तारीख असते. चित्राची उंची आधी, रुंदी नंतर लिहितात. ‘मिश्र माध्यम’ एवढे मोघम लिहिण्यापेक्षा ‘हातकागदावर जलरंग व शाई’ असे लिहिले, तर पुढे तपासणाऱ्याच्या हाती काही लागते. मुद्राचित्रासाठी प्रतीचा क्रमांकही लागतो : ५/५० म्हणजे ५० प्रतींच्या आवृत्तीतील पाचवी.

खरा प्रश्न कागद आणि कलाकृती एकमेकांशी बांधून ठेवण्याचा आहे. खरे प्रमाणपत्र खोट्या चित्राला जोडणे अवघड नसते. म्हणून एकच अनुक्रमांक प्रमाणपत्रावर, चित्राच्या पाठीवर आणि कलावंताच्या नोंदवहीत असावा. सोबत छायाचित्र हवे; त्यात रंगाचे थर, कॅनव्हासच्या कडा, एखादा ओघळ असे नक्कल करायला कठीण तपशील दिसावेत. उठावाचा शिक्का किंवा होलोग्रामची जोडी (एक प्रमाणपत्रावर, एक कलाकृतीवर) यांची मदत होते, पण या गोष्टी नोंदवहीची जागा घेऊ शकत नाहीत. कागद आम्लरहित आणि शाई न उडणारी वापरावी. काम पूर्ण होताच हे सारे उरकलेले बरे. दहा वर्षांनी आठवणीतून लिहिलेली मापे आणि तारखा हमखास चुकतात.

कागदपत्रेही बनावट असू शकतात. ब्रिटिश भामटा जॉन ड्र्यू याने चित्रकार जॉन मायट याच्याकडून नामवंतांच्या शैलीत चित्रे काढून घेतली आणि ती खपावीत म्हणून ब्रिटनमधील कलासंस्थांच्या दप्तरांतच खोट्या नोंदी घुसवल्या. १९९९ मध्ये दोघांनाही शिक्षा झाली.

प्रमाणपत्र हा मालकीचा पुरावा किंवा किमतीचा दाखला नव्हे. त्यासाठी विक्रीची पावती आणि मूल्यांकन वेगळे लागते.

वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या संकल्पनात्मक कलेत मात्र या कागदाला आगळे स्थान मिळाले. अमेरिकी कलावंत सोल लेविट यांची बहुतेक भित्तिचित्रे (१९६८ पासून) त्यांच्या सूचनांनुसार इतरांनी रेखाटली. खरेदीदाराला मिळते ते प्रमाणपत्र आणि आराखडा. भिंतीवरचे चित्र पुसून दुसऱ्या भिंतीवर पुन्हा काढता येते.