क्लार्क्सडेल ते ग्रॅमी: 'किंगफिश' इंग्रमच्या गिटारमागची शंभर वर्षं

एप्रिल २०२२ मध्ये क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्रम या तेवीस वर्षांच्या गिटारवादकाच्या '६६२' या अल्बमला समकालीन ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेल्या गाण्याचं, ग्रॅमी मिळालं. ६६२ हा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागाचा टेलिफोन कोड. अल्बमला हे नाव देणारा मुलगा क्लार्क्सडेलचा आहे, आणि त्याच्या वादनातली बहुतेक प्रत्येक सवय या गावापर्यंत किंवा इथून बाहेर पडलेल्या माणसांपर्यंत मागे नेता येते. त्याच्याबद्दल बोलताना लोक 'दैवी देणगी' म्हणून मोकळे होतात. देणगी आहेच. पण त्याला ब्लूज गावातच, शाळा सुटल्यावरच्या वर्गात, जाणत्या वादकांनी शिकवला, आणि त्याची घडण समजून घ्यायची तर तिथपर्यंत जावं लागतं.

मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधली सपाट, काळ्या मातीची, कापसाची जमीन म्हणजे डेल्टा. मळे गोऱ्यांचे, राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबं अर्धेलीनं कसणारी, आणि हंगाम संपला तरी मळ्याच्या दुकानातली उधारी न फिटणारी. डब्ल्यू. सी. हँडी हा बँडमास्तर १९०३ च्या सुमारास क्लार्क्सडेलला राहत होता. जवळच्या टटवायलर स्टेशनवर त्यानं एका माणसाला तारांवर सुरी घासत गिटार वाजवताना ऐकलं. ब्लूजचं जे सर्वांत जुनं वर्णन वारंवार सांगितलं जातं, ते हेच. पुढं सुरीच्या जागी बाटलीची मान किंवा धातूची नळी आली आणि तिला स्लाइड म्हणू लागले. स्लाइडसाठी तारा बहुधा ओपन जी मध्ये लावतात: जाड तारेपासून डी, जी, डी, जी, बी, डी. काहीही न दाबता सहाही तारा छेडल्या तरी जी चा पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरमेळ, वाजतो, त्यामुळे एका हातानं ताल धरून दुसऱ्यानं गाण्याचा सूर ओढता येतो. एकट्या माणसाला नाचाची मैफल चालवायला याहून सोयीचं काही नव्हतं.

क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडी वॉटर्सचं पहिलं ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९४१ मध्ये झालं. अॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे दोघे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीत गोळा करत तिथं आले होते. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकल्यावर मडीला आपण व्यावसायिक गायक होऊ शकतो याची खात्री पटली आणि १९४३ मध्ये तो रेल्वेनं शिकागोला गेला. तो एकटा नव्हता. १९४४ मध्ये क्लार्क्सडेलशेजारच्याच हॉप्सन मळ्यात पेरणीपासून वेचणीपर्यंतचं सगळं पीक यंत्रांनी काढून दाखवलं, आणि मजुरांची गरजच संपत चालली. माणसं उत्तरेकडे गेली, त्यांच्याबरोबर गाणंही गेलं. शिकागोच्या दारूगुत्त्यात साधी गिटार कुणाला ऐकू जाईना, म्हणून ती अॅम्पला, म्हणजे विजेवर आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, जोडली गेली. विजेच्या ब्लूजची सुरुवात इतक्या व्यावहारिक अडचणीतून झाली.

रॉकशी असलेलं नातंही याच गावातून जातं. क्लार्क्सडेलचा आइक टर्नर १९५१ मध्ये आपला बँड घेऊन मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत निघाला. वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या अॅम्पचं नुकसान झालं. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून फिलिप्सनं स्पीकरच्या फाटक्या कोनात कागद कोंबला आणि तसंच ध्वनिमुद्रण केलं. कोन मोकळा हलेनासा झाला की स्वराच्या कडा फाटतात, त्याला खरखरीत गुंजन येतं. 'रॉकेट ८८' या गाण्यातला तो आवाज पुढं गिटारवादक हजारो रुपयांचे पेडल घेऊन मुद्दाम काढू लागले.

आता इंग्रमच्या बोटांकडे येऊ. त्याच्या सोलोत तीन 'किंग' स्पष्ट ऐकू येतात, आणि ते एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

बी. बी. किंग १९२५ मध्ये डेल्टातच जन्मला. त्याला स्लाइड जमत नव्हती, म्हणून तोच परिणाम त्यानं बोटाच्या थरथरीतून, म्हणजे व्हायब्रेटोतून काढला. अंगठा गळ्यावरून सुटा, बाकीची बोटं हवेत, आणि एका बोटाच्या टोकावर सगळा हात दार उघडण्याच्या मुठीसारखा फिरतो. त्याची आवडती जागा ए च्या पट्टीत अशी सापडते: दुसऱ्या तारेचा (तारा बारीक बाजूनं मोजायच्या) दहावा फ्रेट, म्हणजे गळ्यावरचा पडदा, म्हणजे ए, तिथं पहिलं बोट. त्याच तारेच्या बाराव्या फ्रेटवर बी. हा बी अर्धा स्वर खेचला की कोमल गंधार, पूर्ण स्वर खेचला की शुद्ध गंधार. तिसऱ्या तारेच्या अकराव्या फ्रेटवर सहावा स्वर, पहिल्या तारेच्या बाराव्यावर पंचम. हाताची जागा न बदलता हसरं आणि रडवेलं दोन्ही वाजवता येतं. ब्लूजचा खरा गंधार या दोन गंधारांच्या मधे कुठंतरी असतो. सतारीवर मींड ऐकलेल्या कानाला ही श्रुती लगेच ओळखू येईल. शिकणाऱ्यांची चूकही नेमकी इथंच होते: बोट तेवढं ढकलतात, कान लावत नाहीत, आणि बेंड, म्हणजे ही खेच, पाव स्वर खाली राहतो. तपासायची सोपी रीत आहे. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट म्हणजे डी. तो पूर्ण स्वर खेचायचा आणि दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या ई शी जुळतो का ते ऐकायचं. खेचताना तिसऱ्या बोटामागं पहिलं आणि दुसरंही त्याच तारेवर टेकवायचं आणि जोर मनगटाच्या वळणातून घ्यायचा. एकट्या बोटानं खेचलं तर सूरही चुकतो आणि सांधाही दुखतो.

अल्बर्ट किंग डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता त्यानं उलटी धरली, त्यामुळे बारीक तारा वर आल्या आणि तो त्या जमिनीच्या दिशेनं खाली ओढू लागला. खाली ओढताना सगळ्या हाताचं बळ लागतं, शिवाय त्याच्या तारा नेहमीपेक्षा बऱ्याच खाली उतरवलेल्या असत, म्हणून दीड-दोन स्वरांची खेच त्याला सहज जमे. स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीसाठी बुकर टी. अँड द एमजीज या बँडच्या साथीनं त्यानं केलेला १९६७ चा अल्बम इंग्लंडच्या एरिक क्लॅप्टनपासून टेक्ससच्या स्टीव्ही रे व्हॉनपर्यंत सगळ्या गिटारवादकांनी घोटून घोटून ऐकला आहे. फ्रेडी किंग टेक्ससचा. अंगठ्यात प्लॅस्टिकची आणि तर्जनीत धातूची नखी घालून तो वाजवायचा, म्हणून त्याचा प्रत्येक स्वर टणक आणि सुटा.

ब्लूज-रॉकचा पुढचा टप्पा बहुतेकांना ठाऊक असतो. १९६६ मध्ये इंग्लिश ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या अल्बममध्ये क्लॅप्टननं लेस पॉल गिटार मार्शल अॅम्पला जोडून भरपूर आवाजात वाजवली. त्याच सुमारास अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स लंडनला पोचला. १९८३ मध्ये व्हॉनच्या पहिल्या अल्बमनं टेक्ससचा ब्लूज पुन्हा रेडिओवर आणला. व्हॉन पहिली तार ०.०१३ इंच जाडीची वापरायचा आणि गिटार अर्धा स्वर उतरवायचा. या मंडळींनी डेल्टा तबकड्यांवरून ओळखला. इंग्रमच्या बाबतीत क्रम उलटा आहे: मडी वॉटर्सचं लाकडी घर ज्या संग्रहालयात आणून उभं केलं आहे तिथं तो शिकला, आणि हेंड्रिक्स व पॉप-रॉक गायक-गिटारवादक प्रिन्स त्याच्याकडे बाहेरून आले. मला हा फरक मोलाचा वाटतो, कारण त्याच्या वादनात ब्लूज हा सजावटीचा थर नाही, पाया आहे.

ते डेल्टा ब्लूज म्युझियम १९७९ मध्ये सुरू झालं आणि नंतर रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत हललं. तिथं शाळेतल्या मुलांसाठी वर्ग चालतात. इंग्रमचं घर चर्चमध्ये गाणाऱ्यांचं. आई प्रिन्सेस प्राईड या कंट्री गायक चार्ली प्राईडच्या चुलत बहीण. वडिलांनी मडी वॉटर्सवरचा माहितीपट दाखवला, आणि मुलगा संग्रहालयाच्या वर्गात दाखल झाला. बिल 'हाउल-एन-मॅड' पेरी आणि रिचर्ड 'डॅडी रिच' क्रिस्मन हे त्याचे गुरू. 'किंगफिश' हे नाव पेरींनीच ठेवलं. तो आधी ड्रम शिकला, मग बास, आणि गिटार सर्वांत शेवटी.

हा क्रम त्याच्या वादनाची किल्ली आहे. ब्लूजचं आवर्तन बारा मात्रांचं नव्हे, बारा बारचं असतं (बार म्हणजे चार ठोक्यांचा तुकडा): ई च्या पट्टीत चार बार ई, दोन ए, दोन ई, एक बी, एक ए, शेवटचे दोन ई. गायक दोन बार गातो, पुढचे दोन गिटारनं उत्तर द्यायचं, असं तीनदा. जो थेट सोलोपासून शिकतो तो उत्तर देताना दोन बारांच्या बाहेर सांडतो आणि गायकाच्या पुढच्या ओळीवर चढतो. ज्यानं बास आणि ड्रम वाजवले आहेत त्याला पाचव्या बारला ए येतोय हे अंगातच कळतं. इंग्रम कितीही वेगानं वाजवो, त्याचं वाक्य आवर्तन बदलण्याच्या जागेवर बरोबर येऊन टेकतं. शफलचं, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या लयीचं, वजनही तसंच. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग, त्यातला मधला गाळलेला. अंतर सरळ दोन भागांत वाटलं की तो ब्लूज न राहता कवायत होते.

२०१४ मध्ये संग्रहालयाच्या या वर्गाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मुलांचा बँड व्हाइट हाउसमध्ये मिशेल ओबामांसमोर वाजवून आला. इंग्रम तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्या वयाचे वेगवान वादक इंटरनेटवर रोज दिसतात आणि विशीत नाहीसे होतात. स्वतःची गाणी नसतात, गाता येत नाही, आणि सोबत ठरलेला बँड नसतो. इंग्रम इथं वाचला. त्याच्या पहिल्या अल्बमची जबाबदारी टॉम हॅम्ब्रिज या निर्मात्यानं घेतली. शिकागोचा ज्येष्ठ ब्लूज गिटारवादक बडी गाय याचे अलीकडचे अल्बम करणारा हा मुळात ड्रमवादक, आणि तो गायकाबरोबर बसून गाणी लिहितो. शिकागोच्या अॅलिगेटर रेकॉर्ड्सनं, म्हणजे ब्रूस इग्लॉरनं १९७१ मध्ये एकाच बँडची तबकडी काढण्यासाठी सुरू केलेल्या कंपनीनं, 'किंगफिश' हा अल्बम मे २०१९ मध्ये काढला. एका गाण्यात स्वतः बडी गाय आहे, काहींत ब्लूज गायक-गिटारवादक केब मो. २०२० च्या ब्लूज म्युझिक अवॉर्ड्समध्ये त्याला पाच पुरस्कार मिळाले.

बडी गायकडून त्यानं उचललेली गोष्ट म्हणजे आवाजाची उतरंड. मुंबईकरांनी ती प्रत्यक्ष पाहिली आहे: २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरणाऱ्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये गायनं कुजबुजीइतका स्वर खाली आणून एकदम सोडलेला कडाका. इंग्रमही तसंच करतो आणि वाजवत वाजवत प्रेक्षकांत उतरतो. हे नुसत्या बोटांनी होत नाही, गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब वापरावा लागतो. अॅम्प असा लावायचा की गिटारचा नॉब सहा-सातवर असताना आवाज स्वच्छ राहील आणि दहावर नेल्यावर कडा फाटतील. नवशिके अॅम्पवर गेन, म्हणजे आवाज फाडणारी वाढ, आधीच टोकाला नेतात. मग हळू छेडलं काय आणि जोरात छेडलं काय, सगळं एकाच उंचीवर दाबलं जातं आणि खाली उतरायला जागाच उरत नाही.

२०२२ मध्ये फेंडर या गिटार कंपनीनं त्याच्या नावाची टेलिकास्टर डिलक्स गिटार काढली, गडद जांभळ्या रंगाची, दोन हमबकर पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा चुंबक-गुंडाळीचा भाग). टेलिकास्टर म्हटलं की सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपचा, टोकदार आवाज आठवतो. हमबकरमध्ये दोन गुंडाळ्या उलट्या जोडलेल्या असल्यानं विजेची गुणगुण कापली जाते आणि मधला पट्टा जाड होतो. लांब टिकणाऱ्या स्वरांना तो जाडपणा लागतो. असा आवाज शोधणाऱ्यानं साध्या ट्यूनिंगमध्ये ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या तारांचा संच लावून सुरुवात करावी. बेंड करून सोडल्यावर तिसरी तार बेसूर राहत असेल तर बहुतेक वेळा खुंटी नव्हे, नटची, म्हणजे गळ्याच्या टोकाच्या पट्टीची, खाच दोषी असते. तार खाचेत अडकते आणि परत येत नाही. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं तरी पुष्कळदा भागतं.

२०१९ च्या अखेरीस आई गेली. त्याचं कामकाज सुरुवातीपासून तीच सांभाळत होती, आणि तिच्यासाठी लिहिलेलं गाणं '६६२' मध्ये आहे. हा अल्बम २०२१ च्या जुलैमध्ये आला आणि पहिल्यापेक्षा रॉकच्या जास्त जवळ गेला. २०२३ मध्ये लंडनच्या द गॅरेज या छोट्या जागेतली मैफल अल्बम म्हणून निघाली. त्यानंतर त्यानं रेड झीरो रेकॉर्ड्स हे स्वतःचं लेबल उभं केलं आणि २०२५ चा 'हार्ड रोड' तिथूनच काढला. ज्या गावातल्या वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गाण्यांचे हक्क किरकोळ रकमेला गमावले, तिथल्या मुलाच्या हाती छापण्याचा आणि विकण्याचा हक्क असणं हे मला त्याच्या पुरस्कारांइतकंच मोठं वाटतं.

त्याला ऐकायला सुरुवात करायची तर लंडनच्या मैफलीपासून करावी. स्टुडिओत तीन-चार मिनिटांत आवरलेली गाणी तिथं मोकळी होतात. मग पहिल्या अल्बममधली केब मोबरोबरची विजेविना वाजवलेली गाणी, आणि त्यानंतर लगेच मडी वॉटर्सची १९४१ ची स्टोव्हॉल मळ्यावरची ध्वनिमुद्रणं.